पालथी खुर्ची

आमच्या मामेसासऱ्यांनी आयुष्यात एकही खुर्ची आधी सरळ पाहिलेली नाही. इतर माणसं खुर्ची दिसली की बसतात. हे खुर्ची दिसली की तिला उचलतात, उलटी करतात, चष्मा कपाळावर चढवून तिच्या बुडाशी काय लिहिलंय ते वाचतात, मग ती पुन्हा सरळ ठेवतात आणि स्वतः मात्र उभेच राहतात. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडचे वडीलधारे म्हणून हे आमच्या नाहूरच्या घरी आले होते. माझी आई दारात 'या, बसा' म्हणतेय तोवर ह्यांनी आमच्या चारही खुर्च्या पालथ्या घातल्या होत्या. आईला वाटलं, ढेकूण शोधताहेत. स्थळ तिथल्या तिथे मोडायच्या बेतात आलेलं पाहून माझ्या होणाऱ्या बायकोनं हळूच खुलासा केला, "मामा सरकारी भांडारपाल आहेत. सवय आहे त्यांची." आईच्या मते हा काही खुलासा नव्हता, पण लग्न झालं.

मामा घाटकोपरच्या एका सरकारी कार्यालयात भांडारपाल होते. कुठल्या खात्याच्या, ते सांगत नाही. त्या खात्याचा ह्यात काही दोष नाही. पंख्यापासून माठाखालच्या तिवईपर्यंत कार्यालयात जे जे म्हणून टिकाऊ असतं, त्याची एका जाडजूड वहीत नोंद असते आणि त्या वहीला डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात. हे नाव मामांना कधीच पटलं नाही. "डेड कसला? अख्खं ऑफिस त्याच्यावर बसलंय," असं ते प्रत्येक नव्या साहेबाला ऐकवत. त्या वहीतल्या प्रत्येक वस्तूला नंबर, तो नंबर वस्तूच्या बुडाशी पांढऱ्या तैलरंगात, आणि तो काढणारे हात मामांचे. कार्यालयात कुणी कुठल्या टेबलाशी काम करतं हे त्यांना ठाऊक नसे, पण चाळीस नंबरच्या टेबलाचा डावा खण अडकतो हे झोपेत विचारलं तरी ते सांगत. माणसांची नावं त्यांच्या लक्षातच राहत नसत. "ते हो, बावन्न नंबरच्या कपाटाजवळचे," असं ते एखाद्या उपसंचालकाबद्दलसुद्धा म्हणत आणि ऐकणाऱ्याला कळतही असे.

मात्र ह्या वस्तूंवर ते स्वतः कधी बसले नाहीत. एकदा मी त्यांना भेटायला गेलो तर सगळं कार्यालय बसलेलं आणि हे आपल्या टेबलापुढे उभ्यानं लिहिताहेत. विचारलं तर म्हणाले, "बसला काय वस्तू झिजता." घरीही तेच. भांडुपला टेकडीच्या उतारावर त्यांचं दीड खोलीचं घर आहे. एवढ्याशा जागेत माणूस चालून चालून किती चालणार, पण मामांनी ग्यालरीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून ग्यालरीत येरझारा घालत एव्हाना कणकवली गाठली असेल. चहा चालता चालता, पेपर उभ्यानं, टीव्हीवरच्या बातम्या दाराची चौकट धरून. जेवताना तेवढे पाटावर टेकत, तेही असे, की आत्ता कुणी हाक मारली तर निघता यावं. "लग्न झाल्यापासून बघतंय, ह्यांच्या पायाक भिंगरी आसा," असं मामी म्हणत आणि त्यांच्या वाटेतून आपली परात बाजूला घेत.

घरातल्या वस्तूंनाही अर्थात नंबर होते. 'घ' म्हणजे घर, पुढे आकडा. पोळपाट घ-चार, किसणी घ-सतरा, देव्हाऱ्यातली घंटासुद्धा घ-नऊ. देवांना तेवढी सूट होती. घराबाहेर जाणाऱ्या वस्तूची वेगळी वही होती. शेजारणीला खलबत्ता दिला तरी त्यात तारीख, वस्तू, कारण आणि परत आल्याची सही. आणि एखादी वस्तू टाकायची झाली, तर ती कंडम ठरवायला तीन जणांची समिती बसे: मामा, मामी आणि बाजूच्या खोलीतले निवृत्त पोस्टमास्तर. मामींचा जुना कुकर शिटी देईना तेव्हा ह्या समितीनं त्याची रीतसर पाहणी केली. मामांनी निर्णय लिहिला, 'शिटी होत नाही, तथापि भात होतो.' मामी एकट्या विरोधात पडल्या आणि कुकर आणखी दोन वर्षं नांदला. शेवटी आम्हीच दिवाळीला नवा कुकर नेऊन दिला. मामांनी मला त्याची पोच दिली. ती अजून माझ्याकडे आहे. कुकर मिळाल्याची पावती जपून ठेवणारा जावई आमच्या उपनगरांत दुसरा नसावा.

इथवर वाचून कुणाला वाटेल की माणूस मुलखाचा चिक्कू असणार आणि भंगार छातीशी धरून बसणार. अजिबात नाही. वस्तू साठवण्यापेक्षा ती योग्य जागी पोचवण्यात मामांचा जीव अडकलेला असे. कार्यालयात काही जादा झालं, की नियमाप्रमाणे आधी इतर कार्यालयांना विचारायचं, कुणालाच नको असेल तर लिलाव. हे विचारणं म्हणजे बाकीचे लोक एक छापील पत्र पाठवून मोकळे होत. मामा मात्र उपवर मुलीसाठी स्थळं पाहावीत तसे हिंडत. वांद्र्याच्या कार्यालयात कपाटं कमी आहेत, अंधेरीला पंखे हवेत, मुलुंडला एक कारकून खोक्यावर बसतो, ही सगळी माहिती त्यांच्या डोक्यात असे. "जावयबापू, जादा वस्तू म्हणजे काय, ठावक आसा?" त्यांनी मला एकदा ग्यालरीत गाठून विचारलं होतं. "कोणाची तरी गरज, चुकीच्या पत्त्यावर पडलेली."

एकदा पाच लोखंडी कपाटं त्यांनी अंधेरीला दिली. टेम्पोत स्वतः बसून नेली, म्हणजे उभे राहून नेली, आणि ती उतरवण्याआधी नारळ फोडला. तिथवर ठीक होतं. पण पंधरा दिवसांनी रजा टाकून हे बघायला गेले, कपाटं कशी आहेत म्हणून. एक कपाट गळक्या भिंतीला लावलेलं दिसलं. मामांनी तिथल्या साहेबाला असं काही सुनावलं, की त्या गृहस्थानं आपली खुर्ची सोडून कपाट सरकवायला हात लावला. लिलावाच्या दिवशी तर त्यांच्याकडे बघवत नसे. भंगारवाला खुर्च्यांचे पाय धरून टेम्पोत फेकू लागला की हे मध्ये पडायचे, "सावकाश रे." तो म्हणायचा, "काका, भंगार है यार, काच नाय ना!" मग मामा स्वतःच एकेक खुर्ची त्याच्या हातात द्यायचे आणि टेम्पो वळेपर्यंत फाटकाशी उभे राहायचे. पुढे लिलाव संगणकावर होऊ लागले, तेव्हा घेणाऱ्याचं तोंडसुद्धा न बघता वस्तू कशी द्यायची, ह्या विचारानं त्यांना जेवण जाईना.

अशा माणसाच्या नोकरीचे शेवटचे तीन महिने उरले आणि एकशे सतरा नंबरची खुर्ची हरवली.

झालं असं की त्यांचं कार्यालय नव्या इमारतीत जायचं ठरलं. तिथे सगळं चकचकीत तयार फर्निचर येणार होतं, त्यामुळे जुनं लाकूडसामान एकजात जादा. मामांनी निवृत्तीआधी सगळ्याची पडताळणी करायची आणि आपल्या जागी येणाऱ्या कदमबाईंना चार्ज द्यायचा. मामांनी खुर्च्या मोजल्या, बरोबर भरल्या. मग सवयीप्रमाणे पालथ्या घातल्या, तर त्यातली एक निघाली लोखंडी, घडीची, बुडाशी नंबरच्या जागी कुठल्याशा मंडपवाल्याचं अर्धवट खरवडलेलं नाव. आणि हातांची सागवानी एकशे सतरा गायब. आदल्या निवडणुकीला मतदान केंद्रांसाठी कार्यालयातून खुर्च्यांचा ट्रक गेला होता. जितक्या गेल्या तितक्या परत आल्या, पण नेमक्या त्याच आल्या नाहीत. त्या काळात मामा मोतीबिंदूच्या रजेवर होते. उतरवून घेणाऱ्यानं फक्त आकडा पाहिला.

कार्यालयात हसूच पिकलं. साहेबांनी समजूत घातली, "अहो, ती असती तरी भंगारातच गेली असती ना?" कार्यालयात मामा शुद्ध बोलतात. म्हणाले, "साहेब, भंगारात घालायला आधी ती असायला हवी." कदमबाई स्वभावानं चांगल्या. त्यांनी सरळ तोडगा काढला: ह्या लोखंडीलाच एकशे सतरा नंबर टाका, मी डोळे मिटून सही करते. हे ऐकून मामा जे तिथून निघाले, ते घाटकोपर ते भांडुप पायी चालत आले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांची वही कधी एका टाचणीनं चुकली नव्हती, आणि तशीच ती पुढच्या माणसाच्या हातात द्यायची, एवढीच त्यांची इच्छा होती. ना पदोन्नती मागितली, ना सत्कार. एक वही स्वच्छ द्यायची होती.

मग शोध सुरू झाला, आणि त्या शोधाचं वाहन म्हणजे माझी स्कूटर. दर रविवारी सकाळी सातला मामा आमच्या दारात. ट्रकची फेरी कुठून कुठे गेली, त्याचा त्यांनी कागद मिळवला होता. भांडुप, नाहूर, मुलुंड, कांजूर, घाटकोपर इथल्या शाळा, समाजमंदिरं, एक व्यायामशाळा. रखवालदार आम्हाला कुलूप उघडून देत आणि मामा आत शिरून खुर्च्या पालथ्या घालू लागत. एका सभागृहात कुणाचं तरी बारसं चालू होतं. मामांनी बाळाच्या आत्याला उठवून तिची खुर्ची पाहिली. कांजूरला एका रिकाम्या वर्गात आम्ही दोघं जमिनीवर वाकलेलो असताना मुख्याध्यापक आले आणि त्यांनी अत्यंत नम्रपणे विचारलं, "आपण कोण आणि का?" मामांनी मान वर न करता पुढची खुर्ची पालथी घातली. मामा स्कूटरवर मागे बसतानाही अस्वस्थ. सिग्नल लागला की खाली उतरून चालायला लागायचे आणि पुढच्या चौकात मी त्यांना गोळा करायचो. सहा रविवार असे गेले. बायको म्हणाली, "तू बारीक झालास." मी म्हणालो, "आणि तुझे मामा?" मामांच्या गालांची हाडं वर आली होती. मामी सांगत होत्या, जेवता जेवता मध्येच हात धुऊन उठतात आणि वही काढून बघतात.

सातव्या आठवड्यात एका बुधवारी, मी कामावर असताना, मामा एकटेच बाहेर पडले. त्या रविवारी आलेच नाहीत. मीच भांडुपला गेलो, तर ग्यालरीत उभे. विचारलं, "मामा, आज कुठे जायचं?"

"खय नाय."

"म्हणजे मिळाली की काय?"

"गावूक नाय," ते म्हणाले आणि आत गेले. मामी मला हळूच म्हणाल्या, "बुधवारी दोनदा बाहेर गेले. दुसऱ्या फेरीक हातोडी घेतल्यानी. वहीत लिवल्यानी, पण कारण लिवूक नाय." बाहेर गेलेल्या वस्तूंच्या वहीत मी स्वतः पाहिलं. हातोडी, घ-एकतीस, त्याच दिवशी परत. कारणाचा रकाना कोरा. त्या घरात कोरा रकाना मी प्रथमच पाहत होतो. पण रविवार मोकळा मिळाल्याच्या आनंदात मी त्यावर फार विचार केला नाही.

मामांनी हात टेकले असं आम्ही समजलो. म्हणून मी आणि बायकोनं मिळून एक शहाणपणा केला. जुन्या फर्निचरच्या बाजारात हिंडून तशीच सागवानी, हातांची खुर्ची पैदा केली. तिच्या बुडाशी मी पांढऱ्या रंगानं एकशे सतरा काढले, वर थोडी धूळ चोळली आणि 'एका समाजमंदिरात सापडली' अशी थाप मारून ती भांडुपला नेली. मामांनी ती उलटी केली. आकड्यांवरून अंगठा फिरवला, अंगठा नाकाला लावला. मी घसा खाकरत उभा. मला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "रंग अजून ओलो आसा, जावयबापू." मग जरा वेळानं, "नंबर एकाच वस्तूचो असता. आणि ती वस्तू खयतरी आसा." मी ती खुर्ची पुन्हा घरी आणली. ती आमच्या ग्यालरीत आहे, आणि तिच्यावर बसलं की अजूनही मला थोडं ओशाळल्यासारखं होतं.

शेवटच्या दिवशी कार्यालयात छोटा निरोपसमारंभ झाला. मंडळींनी प्रेमानं त्यांना भेट दिली ती एक आरामखुर्ची. मामांनी ती सगळ्यांसमोर उलटी केली आणि सगळं कार्यालय हसून लोटपोट झालं. मामाही हसले. त्याच्या अर्धा तास आधी त्यांनी चार्जच्या कागदावर स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: 'क्रमांक ११७, हातांची खुर्ची. शोध घेतला, मिळाली नाही. जबाबदारी माझी.' कदमबाई शेवटपर्यंत विनवत राहिल्या, पण सही करावीच लागली. मग जे व्हायचं ते झालं. स्पष्टीकरण मागवण्यात आलं, खुर्चीची किंमत त्यांनी भरली, सेवापुस्तकात शेरा बसला, आणि पेन्शनचे कागद ह्या टेबलावरून त्या टेबलावर काही महिने फिरत राहिले. नेमके त्याच सुमारास मामी आजारी पडल्या. मला राहवलं नाही. मी मामांना त्यांच्याच घरात उभ्या उभ्या बोललो. म्हणालो, "एका लाकडाच्या तुकड्यासाठी तुम्ही मामींचा जीव टांगणीला लावलात. एक नंबर रंगवला असता तर काय आभाळ कोसळणार होतं?" मामांनी येरझारा थांबवल्या नाहीत. ग्यालरीपर्यंत गेले, परत आले, आणि म्हणाले, "तुमचा बरोबर आसा." भांडायला आलेल्या माणसाला 'तुमचं बरोबर आहे' म्हणण्याइतका दुष्टपणा दुसरा नाही. मी तसाच जिना उतरलो.

ह्याला तीन वर्षं होऊन गेली. मामी सावरल्या, पेन्शन सुरू झाली. मामांना मात्र मागच्या थंडीत अर्धांगाचा हलकासा झटका आला. बोलणं ठीक आहे, पण डावा पाय ओढतो. हातात वॉकर आला. त्यावर घ-अठ्ठेचाळीस असा नंबर आहे आणि तो घेऊन त्यांची फेरी चालूच असते: ग्यालरी, स्वयंपाकघर, ग्यालरी. जिना मात्र उतरवत नाही. मार्च संपत आला तशी त्यांची तगमग फार वाढली. "माका एकदा नाहूराक जावचा आसा," असं म्हणायचे. कशाला, ते सांगायचे नाहीत. आम्हाला वाटलं, आमच्याकडे यायचं म्हणत असतील. डॉक्टर नको म्हणाले, म्हणून आम्हीच त्यांच्याकडे जास्त वेळा जाऊ लागलो. त्यानं त्यांची तगमग कमी झाली नाही.

मग निवडणूक आली. आमचं मतदान केंद्र ह्या वेळी बदललं आणि नंबर लागला तो नाहूर गावठाणाजवळच्या एका जुन्या शाळेत. मत देऊन, बोटावरची शाई वाळवत मी बाहेर पडत होतो. फाटकाशी शाळेच्या शिपाईबाई बसल्या होत्या, फिलोमिनाबाई, पन्नाशी उलटलेल्या, गुडघ्यांना पट्टे बांधलेल्या. एक म्हातारा मतदार वाट विचारत आला तशा त्या खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार टाकून उठल्या. सागवानी खुर्ची. हातांची. सहा रविवारांची सवय अंगात कुठे मुरलेली असते कोण जाणे. बाई पाठमोऱ्या होताच मी वाकलो आणि ती पालथी केली. पांढऱ्या रंगात, मामांच्या हातचे, एकशे सतरा.

"ओ भाऊ, काय करताय?" बाई मागून ओरडल्या. मी खुर्ची सरळ केली. म्हणालो, "काही नाही, नंबर बघत होतो." त्याबरोबर त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"सरकारी नंबर आहे तो! बारा वर्सं अर्ज करत होते मी खुर्चीसाठी. उभं राहून राहून गुडघ्यांची वाट लागली माजी. कोण ऐकत नव्हतं. मग ते मागचं इलेक्शन झालं ना, सोमवारी येऊन बघते तर हितंच, फाटकाजवळ, माज्या जागेवर खुर्ची! अर्ज मंजूर झाला माजा. आमच्या फादरना बोलावून पवित्र पाणी शिंपडून घेतलं तिच्यावर." मग जरा खाली आवाजात म्हणाल्या, "नंतर ऑफिसातले ते साहेब आले होते, उंच, चष्मेवाले. उलटी करून बघितली, नंबर वाचला. मी घाबरले, परत न्यायला आले की काय! मी त्यांना सगळं सांगितलं, अर्जाचं. ते बराच वेळ हितंच उभे राहिले. मग म्हणाले, बाई, मंजूर झालीय तुमची. एक पाय हलत होता तिचा. दुपारी हातोडी घेऊन परत आले आणि पाचर मारून दिली."

रंगाचा एक फटकारा मारायला तयार नसलेल्या माणसानं आपल्या वहीत आयुष्यातलं पहिलं खोटं लिहिलं होतं, तेही स्वतःच्या विरुद्ध. खरं लिहिलं असतं तर खुर्ची परत न्यावी लागली असती, आणि भंगारात जाण्यासाठी न्यावी लागली असती. आमच्या ग्यालरीतली त्या बाईंना देऊन भागलं नसतं का, असं क्षणभर माझ्या मनात आलं. पण त्यांना नुसती खुर्ची मिळालेली नव्हती, त्यांचा अर्ज मंजूर झाला होता. तो पुन्हा नामंजूर कोण करणार? आणि मी त्या माणसाला 'एका लाकडाच्या तुकड्यासाठी' असं सुनावून आलो होतो. फाटकापाशी उभ्या उभ्या माझी मलाच लाज वाटली.

"दर वर्षी येतात," बाई सांगत होत्या. "एकतीस मार्चला. खुर्ची तपासतात आणि माजी सही घेतात." त्यांनी पिशवीतून पातळशी वही काढली. आत मामांचं अक्षर. तारीख. 'वस्तू वापरात, सुस्थितीत.' खाली बाईंची सही. अशा तीन नोंदी. चौथी नव्हती. "यंदा आले नाहीत. मी वाट बघितली. बरे आहेत ना ते?"

"बरे आहेत. पाय दुखतोय जरा. मी त्यांचा जावई."

"त्यांनीच मंजूर केली ना हो माजी खुर्ची?"

"हो," मी म्हणालो, "त्यांनीच." मग मी खुर्चीचे चारही पाय हलवून पाहिले, वहीत तारीख घातली, मामांचेच शब्द खाली उतरवले आणि बाईंची सही घेतली.

तिथून मी थेट भांडुपला गेलो. मामा खिडकीशी वॉकर धरून उभे होते. मामी आत चहा टाकत होत्या. वाटेत मी पुष्कळ काही ठरवलं होतं, माफी मागायची, पाया पडायचं, पण त्यांच्यासमोर उभा राहिल्यावर तोंडातून निघालं ते असं, "मामा, एकशे सतरा. प्रत्यक्ष पडताळणी केली. वस्तू जागेवर आहे, सुस्थितीत आहे. सही आणलीय."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या शाई लावलेल्या बोटाकडे.

"पाचर हलता?"

"नाही हलत."

"बाय तिच्यार बसली हुती?"

"बसली होती मामा."

त्यांनी मान हलवली. वॉकर भिंतीला टेकवला. ती निरोपसमारंभातली आरामखुर्ची खिडकीशी होती, इतकी वर्षं नुसती कपडे ठेवायच्या कामाची. मामांनी तिच्यावरचे कपडे बाजूला केले, आणि तिला उलटी न करता, हळूहळू, ते तिच्यात बसले. पाठ टेकली. डोळे मिटले. मामी चहा घेऊन बाहेर आल्या आणि दारातच दचकून थांबल्या. कप माझ्या हातात देऊन त्या लगबगीनं पुढे गेल्या आणि मामांच्या कपाळाला हात लावून पाहिला, कारण ते बसले होते.